जिंप ३ यायला सात वर्षं का लागली? ओपन सोर्सच्या वेगाचं गणित

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही फ्लेक्सच्या नाहीतर डीटीपीच्या दुकानात जाऊन बसा, स्क्रीनवर कोरल नाहीतर फोटोशॉप उघडलेलं असणार, आणि ते विकत घेतलंय का हे कुणी कुणाला विचारत नाही. मधेच कुठनंतरी बातमी येते की अमक्या गावात एका दुकानाला लायसन्सची नोटीस आली, मग दोन दिवस सगळे टेन्शनमध्ये, आणि इंजिनिअरिंगचं एखादं पोरगं सांगतं, "काका, फोटोशॉपऐवजी जिंप टाका, कोरलऐवजी इंकस्केप टाका, फुकट आहे, कायदेशीर आहे." काका टाकतात. आठवड्याभरात काकांचा प्रश्न येतो: जगभरातनं एवढे लोक मिळून बनवतात म्हणता, मग हे एवढं साधं फीचर अजून का नाही यात?

प्रश्न रास्त आहे. जिंपची २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली आणि त्यानंतरची मोठी आवृत्ती, ३.०, थेट मार्च २०२५ मध्ये. इंकस्केप २००३ पासून चालू आहे, त्याचं १.० यायला मे २०२० उजाडलं. आणि दुसरीकडे लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण खुली ऑपरेटिंग सिस्टिम, तिचं कर्नल म्हणजे गाभा बघा, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, घड्याळ लावल्यासारखी. ही सगळी ओपन सोर्सच, मग फरक कशानं पडतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. किती लोकांनी हात लावला यावर वेग ठरत नाही. आलेलं काम तपासून आत घेणारे किती आहेत आणि त्यांच्याकडे आठवड्याला किती तास आहेत, यावर ठरतो.

## तीन शब्द माहीत असले की पुरे

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्यापासून सॉफ्टवेअर तयार होतं. तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि वाचा, बदला, वाटा अशी परवानगी लायसन्समध्येच लिहून दिली की झालं ओपन सोर्स. बाहेरच्या कुणीतरी त्या कोडमध्ये बदल सुचवला की त्याला पॅच नाहीतर पुल रिक्वेस्ट म्हणतात, आपण पॅच म्हणू. आणि तो पॅच बघून घ्यायचा का नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे मेंटेनर. हा मेंटेनर बहुतेक प्रोजेक्टांत पगारी नसतो, दिवसा दुसरीकडे नोकरी करतो आणि रात्री जेवण झाल्यावर, रविवारी, असं मिळेल तसं हे काम करतो. पुढची सगळी भानगड याच माणसाभोवती फिरते.

## माण-खटावच्या माणसाला हे लगेच कळेल

२०१६ ला पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायची स्पर्धा झाली, त्यात अख्ख्या राज्यातनं तीनच तालुके होते, आपलं कोरेगाव त्यातलं एक आणि पहिला नंबरही कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनेच काढला. पुढच्या वर्षी माण-खटावही उतरले. त्या उन्हाळ्यांत डोंगरावर जाऊन ज्यांनी चर खोदलेत त्यांना माहीत आहे की खोदणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग आधीचा. डोंगराच्या उतारावर एकाच उंचीची रेघ शोधायची, हायड्रोमार्कर घेऊन, नळीतलं पाणी दोन्ही बाजूला सारखं येईपर्यंत काठी वर-खाली सरकवायची, मग फक्कीने खूण. गावात हे नीट येणारी माणसं किती? ट्रेनिंगला जाऊन आलेली चार-पाच.

आणि ही रेघ थोडी जरी कलली ना, तर पाणी चरात सारखं थांबत नाही, एका टोकाला गोळा होतं, तिथला बांध फोडतं आणि खालच्या चरांनाही घेऊन जातं. म्हणजे चुकीचा चर हा चर नसण्यापेक्षा वाईट.

आता महाराष्ट्र दिनाच्या महाश्रमदानाला शहरातनं दोनशे माणसं आली. उत्साह दांडगा, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी. रेघा आखलेल्या नसतील तर ही दोनशे माणसं नुसती उन्हात उभी. आखलेल्या असतील तरी ती चार-पाच माणसं दिवसभर पळत राहणार, अहो इकडं नको, माती वर टाकू नका, उताराच्या बाजूला टाका, एवढं खोल नको. संध्याकाळी गाड्या परत जातात, आणि दोन पावसाळ्यांनी चर गाळाने भरले की तो गाळ काढायला कुणी गाडी करून येत नाही, फोटोही निघत नाही त्याचा.

ओपन सोर्सचं सगळं गणित यात आलं. नवं फीचर म्हणजे नवा चर, ते लिहायला माणसं मिळतात. गाळ काढणं म्हणजे जुना कोड नव्या विंडोजवर, नव्या प्रोसेसरवर चालता ठेवणं, जुन्या चुका शोधणं, आणि ते त्याच चार-पाच जणांच्या गळ्यात पडतं.

## मग जिंपची सात वर्षं गेली कुठं?

मुख्यतः गाळ काढण्यात. जिंपच्या खिडक्या, बटणं, मेनू हे सगळं जीटीके नावाच्या पायावर उभं आहे. गंमत म्हणजे जीटीके मुळात जिंपसाठीच बनवलेलं, पुढं ते वेगळं वाढलं. जिंप त्याच्या दुसऱ्या पिढीवर होतं. तिसरी पिढी २०११ मध्ये आली, आणि तिच्यावर जायचं म्हणजे वर्षानुवर्षांचा अख्खा कोड ओळीओळीने बदलत जायचं. यातनं वापरणाऱ्याला नवं काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. कुठलाही नवा स्वयंसेवक उठून म्हणत नाही की द्या मला ते कंटाळवाणं काम. त्यामुळे ते मोजक्या लोकांवर राहिलं, आणि जिंप तिसऱ्या पिढीवर पोचलं तोवर जीटीकेची चौथी पिढी येऊन चार वर्षं झाली होती (२०२० च्या डिसेंबरात आली).

तरी "सात वर्षं काहीच केलं नाही" हे चुकीचं आहे हां. मधल्या काळात २.१० च्या छोट्या छोट्या आवृत्त्या येतच होत्या, शेवटची २.१०.३८ मे २०२४ मध्ये. म्हणजे तेच मोजके लोक एका हाताने जुनं सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताने नवं बांधत होते. ३.० मध्ये इफेक्ट टाकल्यावर तो नंतर बदलता येतो, मूळ फोटो खराब होत नाही. हे फोटोशॉपवाल्यांना वर्षानुवर्षं मिळतंय हे खरं, पण जिंपमध्ये आलंय हेही खरं.

## माणसं वाढवा की मग!

हा सगळ्यात पहिला सल्ला असतो, आणि सगळ्यात फसवा. आयबीएममध्ये मोठं काम केलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. तिथं निदान सगळे पगारी होते, उद्या कामावर येणार याची खात्री होती. स्वयंसेवकाचं तसं नसतं. त्याला शिकवलं, दोन पॅच दिले, आणि परीक्षा लागली, लग्न ठरलं, नोकरी बदलली की गेला, आणि त्याला कुणी जाबही विचारू शकत नाही.

साधा हिशोब करा. धरून चला की मेंटेनरकडे आठवड्याला पाच तास आहेत आणि एक पॅच नीट तपासायला एक तास लागतो. आठवड्याला पाच पॅच आले तर गाडी सुरळीत. वीस आले तर पंधरा तुंबले, पुढच्या आठवड्यात तीस, मग पंचेचाळीस, आणि ज्यांचे पॅच तुंबले ते चिडून विचारणार की माझं काय झालं, त्यांना उत्तर देण्यात आणखी एक तास. म्हणजे मदत करणारे चौपट झाले आणि बाहेर पडणारं काम उलट घटलं.

याचं आपल्या देशातलंच उदाहरण आहे, थोडं लाजेचं. एक्सप्रेस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, वेबसाइट बनवणारे लाखो लोक वापरतात. त्याची चौथी आवृत्ती २०१४ ची आणि पाचवी २०२४ ची, मधे दहा वर्षं. त्याच २०२४ च्या सुरुवातीला काय झालं, तर एका भारतीय यूट्यूब शिकवणीत पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवताना उदाहरणाला एक्सप्रेसच घेतलं होतं, आणि ते बघून पोरांनी ढिगाने पॅच पाठवले. पॅचमध्ये काय? माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव टाकलेलं, एवढंच. सर्टिफिकेट, रेझ्युमे, लिंक्डइन यासाठी. पाठवणाऱ्याला दोन मिनिटं लागली, पण तिकडं बसलेल्या माणसाला प्रत्येक उघडायचा, बघायचा, बंद करायचा. २०२० च्या ऑक्टोबरातही असंच झालेलं, एका उपक्रमात चार पॅच दिले की टी-शर्ट मिळायचा, तर जगभरातनं असला कचरा इतका आला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. पोरांना मी पूर्ण दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की पलीकडं माणूस बसलेला असतो.

## लिनक्स मग पळतंय कसं?

लिनक्स १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलं, पण आज ते छंदावर चालत नाही. कर्नलच्या एकेका आवृत्तीत दहा हजारांच्या वर बदल असतात आणि त्यातले बहुतेक पगारी माणसांनी केलेले, इंटेल, रेड हॅट, गूगल, एएमडी असल्या कंपन्यांच्या. या कंपन्यांचा धंदाच त्यावर उभा आहे म्हणून त्या माणसं देतात. आणि पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, तिथं तपासणी वाटून टाकलीय. नेटवर्कचं बघणारा वेगळा, डिस्कचं बघणारा वेगळा, त्यांच्या हाताखाली आणखी लोक, आणि टोरवाल्ड्सकडे सगळं गाळून येतं. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घ्यायचे, मग दार बंद, पुढचे सात-आठ आठवडे फक्त चुका काढायच्या. ज्याचं काम तयार नाही तो पुढच्या गाडीने येईल, गाडी थांबणार नाही.

जिंपशी जुळवायचं तर ब्लेंडर बघा, तेही ग्राफिक्सचंच आणि वयही साधारण तेवढंच. त्यामागची कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडनं एक लाख युरो गोळा केले, सात आठवड्यांत, आणि तो कोड मोकळा करून घेतला. नंतर निधी उभा केला, मोठ्या कंपन्या त्यात आल्या (एपिक गेम्सने २०१९ मध्ये १२ लाख डॉलर जाहीर केले), त्यातनं पगारी टीम ठेवली. आज ब्लेंडरच्या वर्षात दोन-तीन आवृत्त्या येतात, आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला अ‍ॅनिमेशनपट त्यातच बनलेला.

अर्थात पगाराशिवाय जमतच नाही असंही नाही. डेबियन, म्हणजे लिनक्सभोवती बाकीची सॉफ्टवेअरं जोडून दिलेली तयार सिस्टिम, १९९३ पासून स्वयंसेवकांवर चालतंय, हजारो पॅकेजं, प्रत्येकाला सांभाळणारा ठरलेला, आणि तयार होईल तेव्हाच बाहेर काढायचं हा बाणा. साधारण दोन वर्षांनी एक आवृत्ती येते. कुणी घाई केली तर ते ऐकत नाहीत, आणि ते बरं आहे, का ते पुढं येतंच.

## हळू चाललंय म्हणून ओरडलं तर बिघडतं कुठं?

बिघडतं. या सगळ्या विषयातली मला सगळ्यात भारी वाटणारी आणि सगळ्यात भीती घालणारी गोष्ट हीच आहे.

एक्सझेड नावाचं फाइल लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. सामान्य माणसाने नावही ऐकलेलं नसतं, पण जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ते असतं. ते सांभाळायला प्रत्यक्षात एकच माणूस, फिनलंडचे लासे कॉलिन, फुकटात. २०२२ मध्ये त्यांच्यामागे अनोळखी नावांनी तगादा लागला, पॅच का घेत नाही, प्रोजेक्ट मेलाय का, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यातलं एक नाव तर भारतीय वाटावं असं होतं. कॉलिन यांनी उत्तर दिलं की रस संपलेला नाही, पण तब्येतीमुळे फार जमत नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे हे लक्षात असू द्या. त्याच सुमाराला "जिया टॅन" नावाचं कुणीतरी नेमाने, नम्रपणे, चांगले चांगले पॅच देत होतं. हळूहळू त्याच्यावर विश्वास बसला, अधिकार मिळाले. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवलेला निघाला. चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या फायलींत लपवलेला, सहज कोड वाचणाऱ्याला दिसणार नाही असा. ही व्यक्ती खरी कोण होती ते आजही उघड झालेलं नाही, आणि तगादा लावणारी ती नावंही याच कटातली असावीत असं तपासणाऱ्यांचं मत आहे.

पकडलं कुणी? मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात, वेग मोजत बसले होते, आणि त्यांना दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात शिंक देऊन मोकळे होतो. त्यांनी सोडलं नाही, खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. तोवर तो कोड डेबियन आणि तशाच फेडोरा या सिस्टिमच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता, पण डेबियनच्या लोक प्रत्यक्ष वापरतात त्या स्थिर आवृत्तीत नव्हता. ज्या संथपणाला आपण नावं ठेवतो त्यानेच तिथं वाचवलं.

याची दुसरी बाजूही आहे, नुसतं हळू म्हणजे सुरक्षित असं समजू नका. ओपनएसएसएल, ज्याच्यावर बँकेच्या वेबसाइटचं कुलूप चालतं, त्यात २०११ च्या ३१ डिसेंबरला एक चूक आत शिरली, तपासणाऱ्याच्या नजरेतनं सुटली आणि एप्रिल २०१४ पर्यंत कुणाला कळली नाही. तेव्हा त्या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या मिळायच्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. अब्जावधींचे व्यवहार त्याच्यावर.

## आता तर एआय आहे, कोड तोच लिहील की

लिहील. लिहिण्याची अडचण होती कुठं? अडचण तपासण्याची आहे, आणि एआयने नेमका त्याचाच बोजा वाढवला. कर्ल नावाचं सॉफ्टवेअर आहे, इंटरनेटवरनं डेटा आणण्याचं, गाडीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यात असतं, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळतात. सुरक्षेतली चूक दाखवली की त्यांच्याकडे बक्षीस मिळायचं. एआय आल्यावर लोक त्याच्याकडनं लांबलचक, ऐटदार रिपोर्ट लिहून घेऊन पाठवायला लागले, वाचायला एकदम खरे वाटणारे, आत तथ्य शून्य. खोटा आहे हे सिद्ध करायलाही जाणकाराचे तास जातात. शेवटी २०२६ च्या जानेवारीअखेर त्यांनी ती बक्षीस योजनाच बंद केली.

## आपण काय करू शकतो, साताऱ्यात बसून

कराड-साताऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी पहिली गोष्ट ही करावी की पॅच पाठवायच्या आधी दुसऱ्याची चूक तपासून द्यावी. प्रत्येक प्रोजेक्टच्या यादीत शेकडो तक्रारी पडलेल्या असतात, त्यातली एक उचलायची, आपल्या मशिनवर तसंच होतंय का बघायचं आणि लिहायचं, होय होतंय, या आवृत्तीवर, असं केल्यावर. कोडची एक ओळ न लिहिता मेंटेनरचा तास वाचतो.

मराठीचं तर हक्काचं काम आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत जोडाक्षरं जोडून दाखवण्याचं काम हार्फबझ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतं. आता "दुसऱ्या" हा शब्द घ्या. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात पण आतनं अक्षरं वेगळी, त्यामुळे एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. हे स्वीडनच्या नाहीतर अमेरिकेच्या माणसाला कसं कळणार? ते आपणच सांगायचं. सांगताना नुसतं "मराठी नीट दिसत नाही" असं लिहू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज का लिनक्स, फॉन्टचं नाव, तो एकच शब्द असलेली छोटी फाइल, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं त्याचे दोन स्क्रीनशॉट. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, फाइल मात्र पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, चांगली सुरुवात आहे. पण जी सरकारी खाती आणि कंपन्या हे सगळं फुकट वापरतात त्यांच्या मानाने हे काहीच नाही असं माझं मत.

## शेवटी काकांचा प्रश्न: दुकानात टाकू का नको?

टाका, पण एकदम कोरल काढून टाकू नका. इंकस्केपमध्ये नवीन काम, म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, निवांत होतं. कोरलच्या जुन्या फायली उघडतात, पण सगळ्या जशाच्या तशा उघडत नाहीत, इफेक्ट इकडंतिकडं होतात. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांची बाजू अजून कच्ची आहे, त्यामुळे ऑफसेटला जाणारं काम आधी एक प्रूफ काढून बघा. आणि सगळ्यात मोठी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, ती तुमच्या जुन्या श्रीलिपी-कृतीदेवमधल्या मजकुराची आहे, तो युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टांत चालणाऱ्या ठरलेल्या पद्धतीत नाही, त्यामुळे दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. तो आधी कन्व्हर्टरमधनं काढायचा, मग ऱ्या, र्‍हा, द्ध, ष्ट्य एकदा डोळ्याखालनं घालायचे, आणि मगच मशिनला फाइल लावायची.